झिजलेला शिलालेख: आरटीआय करावं की फोटोग्रामेट्री?

गधेगाळावरच्या (दान मोडणाऱ्याला शिवी-शाप देणारा, गाढवाचं शिल्प असलेला जुना दगड) झिजलेल्या ओळी नोंदवायच्यात आणि हाताशी एक कॅमेरा, एक दिवस आहे. लेख वाचायचाय की दगडाचा आकार जपायचाय, ते आधी ठरवा.

वाचायचा असेल तर आरटीआय, म्हणजे रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग (माहिती अधिकार नव्हे): वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकून काढलेले फोटो सॉफ्टवेअर एकत्र करतं, मग पडद्यावर प्रकाश हवा तसा फिरवता येतो. यात कॅमेरा ट्रायपॉडवर जागचा हलत नाही, फिरतो तो फ्लॅश. लेखाशेजारी दोन चकचकीत काळे गोळे ठेवतात. त्यांवर पडलेल्या चमकेवरून सॉफ्टवेअर प्रकाशाची दिशा काढतं. फ्लॅशचं अंतर लेखाच्या कर्णाच्या तीन-चार पट आणि दर वेळी तेवढंच हवं, म्हणून फ्लॅशला सुतळी बांधून मापायचं. फ्लॅश दगडाच्या पृष्ठाशी 15 ते 65 अंशांच्या मधून फिरवत काढलेले 40-60 फोटो पुरतात. फोकस, एक्स्पोजर मॅन्युअल.

खरी कमाई पडद्यावर दिसते. आपल्या बेसाल्टला मुळातच भोकं असतात, आणि साध्या फोटोत भोक कुठलं नि अनुस्वार कुठला, कळत नाही. प्रकाश तिरपा करत फिरवला की छिन्नीच्या घावाची कड बऱ्याचदा वेगळी उठून दिसते. मात्र ट्रायपॉडला पाय लागला की फोटो एकमेकांवर बसत नाहीत आणि नेमक्या बारीक रेषाच पुसट होतात. भर उन्हात फ्लॅशचं काही चालत नाही. ताडपत्रीची सावली करा, नाहीतर सूर्य मावळू द्या.

आकार जपायचा असेल तर फोटोग्रामेट्री, म्हणजे अनेक बाजूंच्या फोटोंवरून दगडाचं त्रिमितीय मॉडेल. यात उलट: प्रकाश स्थिर, कॅमेरा दगडाभोवती फिरतो. ढगाळ दिवस उत्तम. शेजारच्या दोन फोटोंत 70 टक्के भाग सामाईक हवा, झूमला हात लावायचा नाही, दगडाजवळ मोजपट्टी ठेवायची; नाहीतर मॉडेलला माप उरत नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश नको, त्याच्यासोबत सावल्याही सरकतात. दहा वर्षांनी नवं मॉडेल जुन्यावर ठेवून कुठला कपचा उडाला ते यातूनच कळेल. पण लांबून काढलेल्या फोटोंत उथळ अक्षरं मॉडेलमध्ये बुजतात.

शेंदराचा थर अक्षरांत भरला असेल तर दोन्ही पद्धती फक्त शेंदूरच दाखवतात. कागदी ठसा अजूनही चांगला, पण पापुद्रे सुटणाऱ्या दगडावर ओला कागद ब्रशने ठोकू नये. अक्षरांत खडू किंवा पीठ तर भरूच नका.

आमचं मत: लेखासाठी आरटीआय करा, मग ट्रायपॉडवरून कॅमेरा काढून फोटोग्रामेट्रीची एक फेरी मारा. त्याआधी मात्र आरटीआयचा पहिला आणि शेवटचा फोटो मोठा करून तिथेच ताडून बघा. एकच अक्षर दोन जागी दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून.