एच पाइप की एक्स पाइप, जुन्या मस्टँगला काय घालायचं?

1967 ची फोर्ड मस्टँग, 289 घन इंचांचं व्ही8 (आठ सिलिंडरचं) इंजिन, डबल एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंना धुराचा वेगळा पाइप. दोन्ही बाजूंच्या धुराचे धक्के एकसारखे पडत नाहीत, म्हणून दोन पाइपांच्या मधे जोड हवाच: एचमध्ये आडवा तुकडा दोन पाइप जोडतो, एक्समध्ये पाइप मधे एकमेकांत मिळतात.

खर्चात एच स्वस्त, आडवा तुकडा वेल्ड केला की झालं. जागा ठरवायला पाइपांवर रंगाचा पट्टा मारून गाडी जोरात पळवतात आणि रंग कुठवर करपला ते बघतात, मस्त युक्ती आहे. एक्स मात्र गिअरबॉक्सखालच्या क्रॉसमेंबरपाशी (आडव्या आधारापाशी) बसवताना दमवतो.

आवाज? एचचा खोल गडगडाट, खरा जुन्या व्ही8 चा, एक्सचा वरच्या आरपीएमला पातळ आणि चढा.

पॉवर एक्स वरच्या आरपीएमला थोडी जास्त देतो, पण स्टॉक (कंपनीच्या मूळ) इंजिनात फारशी जाणवत नाही.

रोज फिरवायची तर एच, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून ट्रॅकवर न्यायची तर एक्स. कुठलाही घ्या, पुढच्या-मागच्या पाइपांना क्लॅम्पनेच बसवा, नाहीतर गिअरबॉक्स उतरवताना पाइप कापावा लागतो.