म्हापशातलं ‘सांधेदुखी पॅकेज’: रक्त नीट घेतात, रिपोर्ट अर्धवट देतात

लॅब स्वच्छ, हात हलका, रिपोर्ट वेळेवर. आक्षेप सांधेदुखीच्या रक्तचाचण्या एकत्र करून देणाऱ्या पॅकेजवर आहे. पावसाळ्यात चिकनगुनिया उतरला आणि सांधे धरले की लोक थेट आरए फॅक्टर (संधिवातासाठीची अँटिबॉडी चाचणी), एएनए (पेशीकेंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडींची, ल्युपससारख्या आजारांसाठीची चाचणी) करून घेतात. इन्फेक्शनमध्ये बी-पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) सरसकट चेतवल्या जातात आणि शरीराच्याच प्रथिनांना चिकटणाऱ्या अँटिबॉडीही तयार होतात. म्हणून संधिवात नसतानाही आरए फॅक्टर हिपॅटायटिस सी किंवा टीबीतही पॉझिटिव्ह येतो; टीबीत कधीकधी अँटी-सीसीपी ही संधिवाताची जास्त नेमकी चाचणीसुद्धा.

एएनएसमोर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ छापतात, हे मात्र चुकीचंच. टायटर (रक्तद्रव किती पट पातळ केला तरी अँटिबॉडी दिसते ते प्रमाण), पॅटर्न (पेशीत ती कशी चमकते), पद्धत हवीच. १:४० निरोगी माणसांतही सर्रास दिसतं. १:६४० ला वेगळं वजन. काउंटरवर आधीच विचारा: हेप-२ पेशींवरची आयएफए (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, पॅटर्न दाखवणारी) की एलायझा (पॅटर्न न दाखवणारी)?

फॉर्मवर अलीकडच्या तापाची तारीख लिहायला जागाच नाही. स्वतः लिहा, डॉक्टरांनाही सांगा. कार्डिओलिपिन अँटिबॉडी (रक्ताच्या गुठळ्यांच्या आजारात तपासतात ती) पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासतात, कारण इन्फेक्शनमुळे आलेली बहुधा ओसरते. सांधे सुजून सकाळी तासभर आखडत असतील तर मात्र पॅकेजच्या नादी न लागता आधी संधिवाततज्ज्ञ गाठा. नुसत्या आरए फॅक्टरवर मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध सुरू करू नये.