साडेआठ इंच : जुनी स्पोर्ट्स कार 'प्रोजेक्ट' म्हणून घेणार असाल तर आधी हे वाचा

आधीच सांगून टाकतो म्हणजे काय हसायचं ते हसून घ्या. मी ठाण्यात मॉड्युलर किचनची कामं करतो. दिवसाला दोन-तीन घरांत जाऊन ओटे मोजतो, खिशात पाच मीटरचा टेप कायम, बॅगेत शटरला लावायच्या मॅग्नेट कॅचची पाकिटं. आणि मी सव्वाचार लाखांना अशी गाडी घेतली जी टेप आणि चुंबकाने पाच मिनिटांत उघडी पडली असती.

जाहिरात होती 'ट्रायम्फ स्पिटफायर १९६६, प्रोजेक्ट कार'. फोटोत रेड ऑक्साइड मारलेली, टप नसलेली दोन सीटची गाडी. ही ब्रिटिश गाडी कॉलेजपासून डोक्यात होती, आपल्याकडे बघायला मिळणंच मुश्किल, त्यामुळे फोटो बघूनच माझा निम्मा व्यवहार झाला होता. शनिवारी मेहुण्याला घेऊन रबाळे एमआयडीसीत त्या माणसाच्या शेडवर गेलो. पन्नाशीचा माणूस, बोलायला एकदम गोड, दर वाक्याला दादा. चहा मागवला आणि सुरू केलं की दादा ही पारशी डॉक्टरची गाडी, एकच हात, डॉक्टर वारले, पोरं कॅनडाला, पावसात सडत होती म्हणून मी उचलली. आता कळतंय की मुंबईत जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाकडे एक पारशी डॉक्टर असतोच आणि त्याची पोरं कॅनडालाच असतात.

पण नुसत्या गोड बोलण्याला मी भुललो नाही हो, तो माणूस अर्धं खरं सांगत होता आणि तिथेच घात झाला. स्पिटफायरचं अख्खं नाक, मडगार्डसकट, पुढच्या बाजूला उघडतं, हे मला माहीत होतं. त्याने बॉनेट उचलून दाखवलं, तसंच उघडलं. पुढचं सस्पेन्शन ट्रायम्फचं, इंजिनवर तशीच खूण, सगळं बरोबर. आता मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं की ट्रायम्फ हेराल्डचं नाकही तसंच उघडतं, दोन्ही गाड्या त्याच इटालियन डिझायनरच्या, मिकेलोत्तीच्या, आणि स्पिटफायर ही हेराल्डचीच चेसिस आखूड करून त्यावर बनवलेली गाडी. आणि हेराल्ड म्हणजे आपल्याकडची स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासला १९६१ पासून बनायची, आमच्या आजोबांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी चालवलेली.

मी विचारलं, आरसी बुकवर 'स्टँडर्ड' का लिहिलंय? तर म्हणे, "दादा, मद्रासची कंपनी ट्रायम्फच्याच गाड्या बनवायची, आरटीओवाले सरसकट स्टँडर्डच लिहायचे." पहिला अर्धा भाग खरा, दुसरा शुद्ध थाप. स्पिटफायर मद्रासला कधी बनलीच नाही. त्या काळच्या स्पिटफायरचा चेसिस नंबर 'एफसी'ने सुरू होतो, हे घरी जाऊन दोन मिनिटांत सापडलं असतं. मी चेसिस नंबर पुस्तकाशी जुळवला, जुळला, खूश झालो. जुळणारच ना, पुस्तक त्याच गाडीचं होतं!

स्पिटफायरला दोन एसयू कार्ब्युरेटर असतात, इथे एकच. विचारलं तर म्हणाला दोन्ही रिपेरला दिलेत, हे कामचलाऊ लावलंय. बॉनेट फायबरचं वाटलं तर म्हणाला परदेशात पण फायबरचंच टाकतात. टाकतातही. पण मी फक्त बॉनेटवर टकटक केली, दरवाजे आणि मागचा भाग बघितलाच नाही. तेही सगळं फायबर होतं, वर जाड पुट्टी आणि रेड ऑक्साइड, आणि मॅग्नेट कॅच माझ्या बॅगेत. मेहुणा कानात म्हणत होता की आपल्या मेकॅनिक चाचाला एकदा दाखवू, तेवढ्यात शेडवाल्याला फोन आला की पुण्याची पार्टी संध्याकाळी पैसे घेऊन येतेय. मी तिथल्या तिथे ५० हजार जीपे केले.

बाकी कॅश दिली. ५०० च्या स्टॅम्प पेपरवर पावती केली, त्यात लिहिलेलं की गाडी आहे त्या स्थितीत पाहून घेतली, तक्रार नाही. पण ह्यातली खरी गंमत नंतर कळली, सांगतो.

टोइंगवर चढवून विटाव्यावरून, कळव्याच्या ट्रॅफिकमधून गाडी कोलशेतला वर्कशॉपवर आणली. बायको म्हणाली छान आहे, छप्पर कुठंय? महिनाभर मी नटबोल्ट सोडवत होतो, आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे रविवार, खोटं कशाला बोलू. प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे, क्रॉस (सांधे) गेले होते, कंटाळून इंग्लंडहून अख्खा शाफ्ट मागवला, कस्टम ड्युटी धरून चांगलाच चाट. लावायला गेलो तर चांगला वीतभर तोकडा. चुकीचा पार्ट पाठवला म्हणून तावातावाने मेल टाकला. उत्तर एका ओळीचं, कृपया तुमच्या गाडीचा व्हीलबेस मोजून कळवा.

टेप काढला. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत साडेएक्क्याण्णव इंच. स्पिटफायरचा ८३. दुसऱ्या बाजूने मोजलं, तेच. खाली फरशीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी राबोडीहून चाचाला आणलं. त्याने हेड उघडलं, व्हर्नियर लावला, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६३ मिलिमीटर. म्हणजे ९४८ सीसी, हेराल्डचं. त्या सालच्या स्पिटफायरचं इंजिन ११४७ सीसी, बोअर ६९.३. बाहेरून दोन्ही भावंडंच दिसतात. चाचा हसला नाही, फक्त म्हणाला, "पहले बुलाना था ना."

शेडवाल्याचा फोन दोन दिवस लागला, मग बंद. शेडमध्ये दुसराच भाडेकरू. पोलिसांकडे गेलो, म्हटलं चारशेवीस लावा, तिथल्या साहेबांनी सांगितलं आता ते कलम ३१८ झालंय, आणि पावती वाचायला घेतली. तर पावतीत स्पिटफायर हा शब्दच नाही! 'स्टँडर्ड, १९६६, आरसीप्रमाणे' एवढंच. कागदावर त्याने मला तेच विकलं होतं जे होतं. जाहिरात डिलीट, मी स्क्रीनशॉट घेतलेला नाही, गाडीबद्दलचं सगळं बोलणं फोनवर. सिव्हिल मॅटर म्हणून परत पाठवलं. वकिलाची नोटीसही 'पत्त्यावर नाही' शेरा मारून परत आली.

नावावर करायचं तर त्याहून भारी. फॉर्म २९-३० वर मालकाची सही होती, पण तो मालक वारलेला, शेडवाल्याच्याच तोंडून ऐकलेलं, आणि मला तेव्हा खटकलं नाही. मेलेल्या माणसाच्या गाडीला वारसांकडून फॉर्म ३१ लागतो. म्हटलं विंटेजमध्ये तरी करून घेऊ, २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरच्या गाड्यांची सोय आहे, पण तिथे चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. माझ्या गाडीची तर बॉडीच कोणीतरी साच्यात ओतलेली.

गेल्या महिन्यात डोंबिवलीहून एक हेराल्डवाला आला. स्वतःचा टेप, टॉर्च, चुंबक आणि आडवं पडायला गोणपाट घेऊन. दीड तास खाली होता, चहा पण नको म्हणाला. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचे ६० हजार देतो म्हणाला, मी ७० म्हटलं, ६३ ला गेलं. पावती त्याने स्वतः लिहून आणली होती, एकेक पार्ट नंबरासकट.

फायबरची बॉडी अजून कोलशेतला पडून आहे. सध्या तिच्यात लॅमिनेटचे उरलेले तुकडे ठेवतो.