इंजिन आधी उघडायचं की गिअरबॉक्स?

विलीजची जुनी जीप दारात आली की दोन तक्रारी जोडीनेच येतात. इंजिन तेल खातं, आणि उतारावर पाय काढला की दुसरा गिअर सुटतो. दोन्ही कामं घरी करायची हौस असते, पण हातात वेळ एकाच कामाचा असतो. मी दोन्ही केली, आधी इंजिन आणि मग गिअरबॉक्स. आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर क्रम उलटा ठेवेन, आणि इंजिन उघडायचं की नाही हे मोजमाप घेतल्याशिवाय ठरवणार नाही.

आधी यंत्रांची ओळख करून घेऊ. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी एमबी आणि 1945 पासूनची सीजे-2ए यांत 2.2 लिटरचं, 60 अश्वशक्तीचं 'गो डेव्हिल' इंजिन असतं. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसतात, त्यामुळे हेड म्हणजे जवळजवळ नुसतं झाकण. 1953 मध्ये आलेल्या सीजे-3बीत 'हरिकेन' असतं. त्यात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट ब्लॉकमध्येच राहिले. इंजिनाची उंची वाढली म्हणूनच त्या गाडीचं बॉनेट असं उंच दिसतं. गिअरबॉक्स एमबीत टी-84, पुढच्या गाड्यांत टी-90. दोन्ही तीन गिअरचे, आणि पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून घेणारी रचना, नाही. म्हणजे गाडी चालू असताना पहिला गिअर खरडला तर तो बिघाड नाही, तो त्याचा स्वभाव आहे. गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) चिकटलेली असते आणि ती सोबतच उतरते.

सगळ्यात मोठा फरक परावलंबनाचा. इंजिन घरी बांधता येतं, पण सगळं काम घरी होत नाही. बोअर मारणं (सिलिंडर कापून जरा मोठा करणं), क्रँकशाफ्ट ग्राइंड करणं, व्हॉल्व्हच्या सीटा कापणं, हे सगळं लेथवाल्याकडेच. तिथे आपला ब्लॉक कोपऱ्यात पडून राहतो आणि आपण चकरा मारत राहतो. गिअरबॉक्सला बहुतेक वेळा असलं काही लागत नाही. गिअर चांगला असेल तर परत जातो, दात गेले असतील तर बदलायचा. पुलर, सर्कलिपची पक्कड, पितळी सळई आणि धीर, एवढ्यावर काम होतं. सगळे भाग एका टेबलावर मावतात.

खर्चाचंही तसंच. गिअरबॉक्सचं वरचं झाकण काढून टॉर्च मारली की बिलाचा अंदाज बराचसा तिथेच येतो. दातांच्या कडा गोल झाल्यात का, सिंक्रोच्या पितळी रिंगा संपल्यात का, तळाच्या तेलात धातूची चमकी आहे का. इंजिनाचं बिल मात्र हप्त्याहप्त्याने कळतं. बोअर मारला की ओव्हरसाइज पिस्टन आले. क्रँक घासला की दहा, वीस किंवा तीस हजारांश इंच अंडरसाइज बेअरिंग आली. आणि ब्लॉक धुऊन झाल्यावर एक्झॉस्ट सीटपाशी तडा दिसला, तर तोवरचा सगळा हिशेब फाडून टाकायचा.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो चुकीचा स्वभाव. गिअरबॉक्समध्ये चूक झाली तर तो आधी कुरकुरतो, गुणगुणतो, गिअर घ्यायला नाटकं करतो. पुन्हा उतरवायला वेळ मिळतो. इंजिनाच्या बेअरिंगची फट चुकली किंवा तेल वेळेवर वर चढलं नाही, तर काही मिनिटांत नवा घासलेला क्रँक पुन्हा ग्राइंडिंगला. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने माफ करणाऱ्या यंत्रावर शिकावं, असं माझं मत.

गिअरबॉक्स सोपा आहे असं मात्र नाही. टी-90मध्ये घाम फुटतो तो क्लस्टर गिअर, म्हणजे एकाच तुकड्यातले तळाचे जोडगिअर, बसवताना. त्याच्या पोटात दोन्ही टोकांना सुटे, सुईसारखे रोलर असतात. पहिल्या वेळी मी ते ग्रीसने चिकटवले, क्लस्टर केसमध्ये उतरवला आणि शाफ्ट ठोकायला घेतला. शाफ्ट अर्ध्यात आला आणि आत 'टिक' असा बारीक आवाज झाला. एक रोलर आडवा पडला होता. सगळं परत बाहेर. दुसऱ्या वेळी त्याच जाडीची पण क्लस्टरच्याच लांबीची डमी सळई कापून घेतली. रोलर तिच्याभोवती रचले, सळईसकट क्लस्टर केसच्या तळाशी ठेवला, मुख्य शाफ्ट बसवून मग क्लस्टर उचलला आणि खऱ्या शाफ्टने डमीला हळूहळू बाहेर ढकललं. दहा मिनिटांत काम झालं. ती सळई अजून जपून ठेवली आहे.

दुसरा गिअर सुटतो म्हणून लगेच गिअरच बदलू नका. झाकणात गिअर जागेवर धरणारी गोळी असते, तिच्यामागची स्प्रिंग मेलेली असू शकते, थ्रस्ट वॉशर झिजून क्लस्टर पुढेमागे होत असतो, किंवा दात एका बाजूला निमुळते झालेले असतात. पहिलं कारण जवळपास फुकटातलं आहे.

ट्रान्स्फर केस सोबतच उघडा. तिचा मधला शाफ्ट सुरुवातीच्या गाड्यांत पाऊण इंची होता, पुढे तो वाढवत सव्वा इंचापर्यंत नेला, यातच काय ते आलं. तो झिजला की केसचं भोकही मोठं होतं आणि तेल तिथून पाझरतं. गिअरबॉक्सचं तेल कमी आणि ट्रान्स्फर केसचं जास्त असं दिसलं, तर दोघांमधलं सील गेलंय. तेल भरताना सिंक्रोच्या पितळेला चालणारं आहे ना, हेही बघा.

आता इंजिन. आधी कंप्रेशन घ्या आणि आकडे कागदावर लिहा. चार सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह. नुसते व्हॉल्व्ह असतील आणि सीटा फार जळलेल्या नसतील, तर गो डेव्हिलचं हेड काढून ते घरीच लॅप करता, म्हणजे पेस्टने घासून सीटवर बसवता येतात. पूर्ण इंजिन उतरवायची गरजच नाही.

रिंगा असतील तर बोअर किती उतरलाय ते मोजा. महागडा गेज नसला तरी चालतं. एक रिंग सिलिंडरात घाला, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. एकदा वर, न झिजलेल्या कडेच्या जरा खाली, आणि एकदा तळाशी. दोन फटींतल्या फरकाला 3.14 ने भागलं की व्यासातला फरक मिळतो. फट 0.6 मिलिमीटरने जास्त आली तर बोअर वर सुमारे 0.19 मिलिमीटरने मोठा झालाय. एवढ्यावर नव्या रिंगा टाकून हाफ इंजिन करणं म्हणजे पैसे पाण्यात, सरळ बोअर मारा. फरक किरकोळ असेल तर हाफ इंजिन चालेल, फक्त वरची कड रीमरने काढायला विसरू नका, नाहीतर नवी रिंग तिच्यावर आपटून मोडते.

क्रँक ग्राइंड होऊन आला तरी 'मोजून दिलंय' यावर विसंबू नका. प्लास्टिगेजचा (फट मोजायच्या मऊ प्लास्टिकचा) धागा जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागावर, ठेवा, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळा, क्रँक अजिबात न फिरवता कॅप काढा आणि धागा किती चपटा झाला ते पट्टीशी ताडून बघा. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला अरुंद दिसला तर जर्नल निमुळता आहे. आणखी एक खोच. या इंजिनात ऑइल पंप कॅमशाफ्टवर फिरतो आणि डिस्ट्रिब्युटर पंपाच्या शाफ्टवर. पंप एक दात चुकवून बसवला की टायमिंग काही केल्या जुळत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. आणि पंपाचा गिअर कॅममध्येच अडकलेला असल्याने ड्रिलने पंप फिरवून तेल चढवता येत नाही. बसवण्याआधी पंप तेलाने भरा, मग प्लग काढून स्टार्टरने फिरवत राहा, गेजचा काटा हलेपर्यंत.

तर कंप्रेशन सारखं असेल आणि धूर नसेल, तर गिअरबॉक्स घरी करा आणि इंजिनाला हात लावू नका. धूर येत असेल आणि लेथवाला भरवशाचा असेल, तर इंजिन सुटं करणं आणि बांधणं घरी, बाकी त्याच्याकडे. तसा माणूस ओळखीचा नसेल तर इंजिन पूर्णच बाहेर द्या, त्यात कमीपणा नाही. उलट फक्त एकाच बाबतीत सांगेन: क्लस्टरचे दात तुटलेत आणि दुसरा क्लस्टर मिळत नसेल, तर तो मिळेपर्यंत इंजिन उरकून घ्या.

गिअरबॉक्स खाली आला की क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या टोकातलं पायलट बुश बदलून टाका. त्याच वेळी फ्लायव्हीलच्या मागे बोट फिरवून बघा. जुन्या इंजिनात मागच्या मेन बेअरिंगला दोरीचं पॅकिंग असतं आणि ते थोडं ओलं असणारच. पण तेल क्लच प्लेटपर्यंत उडालं असेल, तर कंप्रेशनच्या आकड्यांचा तो कागद पुन्हा काढा.