आठ महिन्यांनंतर बेंचरेस्टचा रेस्ट: तेल कमी, ब्रश जास्त

बेंचरेस्ट म्हणजे टेबलावर रायफल टेकवून केलेली नेमबाजी, आणि रेस्ट म्हणजे रायफलचा पुढचा भाग टेकवायचा स्टँड. हा देशी बनावटीचा: बिडाची बैठक, तीन टोकदार पाय, मधे आट्यांचा खांब, वर डावी-उजवीकडे सरकणारी पट्टी आणि तिच्यावर चामडी पिशवी. वापर नोव्हेंबर ते जून, जळगावजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये, .१७७ (४.५ मिमी छर्ऱ्याची) एअर रायफल, २५ मीटर. वजन दणकट आहे, बैठक हलत नाही, पैसे वसूल. तक्रार एकच, पण मोठी: कारखान्यातून येतानाच आट्यांमध्ये आणि पट्टीखाली ग्रीस थापलेलं असतं. दाखवायला छान, खानदेशात मात्र तेच मुळावर येतं.

हिवाळ्यात जिनिंगची रुई हवेत असते, एप्रिलपासून फुफाटा. दोन्ही ग्रीसला चिकटतात आणि त्याची काळी लापशी होते. स्क्रूची चाकी फिरवताना बोटांना वाळू दळल्यासारखी करकर लागली की समजावं, आता हे वंगण राहिलं नाही, पॉलिश पेपर झालाय.

नेमबाजीत याचं काय होतं ते गणितानं बघा. पुढची (रेस्टवरची) आणि मागची (दस्त्याखालची) पिशवी यांत साधारण ५० सेंमी अंतर असतं. रेस्ट ०.१ मिमी हलला तर २५ मीटरवर छर्रा ५ मिमी सरकतो, म्हणजे छर्ऱ्याच्या जाडीपेक्षा जास्त. चाकी खाली फिरवली की स्क्रू उतरतो, पण चिकट ग्रीसमुळे वरचा भाग तिथेच लटकतो आणि गोळी सुटताना बसतो. मग उगाच वर-खाली छर्रे पडतात आणि लोक दुर्बिणीला दोष देतात. म्हणून शेवटची फिरकी नेहमी वरच्या दिशेनं घ्यायची. पट्टी डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या आडव्या स्क्रूला रायफलच्या वजनाची मदत नसते, तिथला प्ले (ढिलेपणा) सरळ निशाण्यात उतरतो. तिथे कायम एकाच बाजूनं येऊन थांबावं.

साफसफाई आठ महिन्यांत तीनदा पूर्ण, बाकी प्रत्येक सत्रानंतर कोरडा ब्रश. पूर्ण उघडताना पिशवी आधी काढून लांब ठेवायची; चामड्याला रॉकेल लागलं की वास आठवडाभर जात नाही. पट्टीचे कडेचे दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे, पट्टीचा घट्टपणा ठरवणारे) एलन कीनं सोडताना किती फेरे सुटले ते मोजून कागदावर लिहावं. आधी कोरडाच टूथब्रश, वरून खाली. रॉकेल आधी ओतलं तर धूळ आत वाहून जाते. आट्यांसाठी सुतळी रॉकेलमध्ये बुडवून दोन-तीन आट्यांत गुंडाळायची, दोन्ही टोकं ताणून धरायची आणि स्क्रू फिरवायचा. सुतळी काळीकुट्ट होऊन दुसऱ्या टोकाला बाहेर येते. स्वच्छ निघेपर्यंत नवी घ्यायची. रॉकेल मागे तेलकट थर सोडतं, म्हणून शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, मलमलच्या फडक्यानं. पुसायला कापूस नको, तंतू आट्यांत अडकतात.

वंगणाचं माप: उभ्या स्क्रूला मुगाच्या दाण्याएवढं लिथियम ग्रीस, बस. वरपासून खालपर्यंत तीनदा फिरवा आणि बाहेर आलेलं पुसून काढा. सरकत्या पट्टीला शिलाई मशीनचं तेल, तेही फडक्यावर दोन थेंब घेऊन. टेफ्लॉनच्या चकत्या पूर्ण कोरड्या. खांब आवळणाऱ्या कॉलरच्या आत काहीच लावू नका. तिथे तेल गेलं की कॉलर कितीही आवळा, रायफलच्या वजनानं खांब हळूहळू बसतो. घरातलं खोबरेल तेलही नको. २४ अंशांच्या खाली ते गोठतं आणि इथल्या हिवाळ्यातल्या सकाळी पट्टी जाम होते.

ग्रब स्क्रू परत लावताना लिहून ठेवलेल्या फेऱ्यांपर्यंत या, मग एकेक अष्टमांश फेरा. पट्टी कशी सरकते ते रायफल ठेवूनच तपासा. रिकामी पट्टी मोकळी वाटते, वजन आल्यावर अडते.

उन्हाळ्यात पत्र्याखाली ग्रीसमधलं तेल सुटून पिशवीवर उतरतं, तेव्हा मुगाचाही अर्धा दाणा पुरतो. पावसाळ्यात बिडावर तेलाचा पातळ हात फिरवून वर जुनी चादर टाका. प्लास्टिक घातलं की आत घाम धरतो आणि दोन दिवसांत तांबूस ठिपके येतात. पिशवीत तापीची वाळू चालते, पण धुऊन, चाळून आणि कडक उन्हात वाळवून. ओली राहिली तर चामड्याला बुरशी आणि खालच्या स्क्रूंना गंज, दोन्ही हमखास.

आडव्या स्क्रूचा पितळी नट मात्र आठ महिन्यांत झिजला. नवा लेथवाल्याकडून करून घ्यायचा तर स्क्रूही सोबत बदलावा: आत्ताचा एम १० (१० मिमी जाडीचा), दीड मिमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात दीड मिमी सरकणारा आहे, म्हणजे एका फेऱ्याला निशाण्यावर ७५ मिमी. एक मिमी पिच घेतली तर ५० वर येतं आणि चाकी बोटांच्या ताब्यात राहते.