हार्मोनिक गिअरचा चौथा अक्ष: वर्षभराच्या वापरानंतर

माझ्याकडे एक्स२ जातीची छोटी बेंच मिलिंग मशीन आहे. तिन्ही अक्षांना बॉलस्क्रू आणि स्टेपर मोटर बसवून ती सीएनसी (संगणकाने चालणारी) केलेली, मॅक३ सॉफ्टवेअर आणि पॅरलल पोर्टवर चालते. चौथा अक्ष, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) धरून फिरवणारा अक्ष, म्हणून आधी वर्म गिअरचा स्वस्त हेड होता. तो काढून गेल्या पावसाळ्याआधी ५०:१ (मोटरचे ५० फेरे, अक्षाचा एक) हार्मोनिक गिअरचा हेड लावला. ८० मिमीचं चक, ६५ मिमी सेंटर उंची, मागे नेमा २३ मोटर. किंमत वर्मवाल्याच्या दुपटीहून जास्त.

पहिल्यांदा मोजमाप. चकमध्ये सळई धरून मध्यापासून १०० मिमीवर डायल गेज लावला आणि अक्ष पुढे-मागे फिरवला. वर्मवाल्यात काटा ०.३ मिमी हलायचा, म्हणजे साधारण १० आर्कमिनिटांचा (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) प्ले, दात्यांमधली मोकळी जागा. ४० मिमी व्यासाच्या जॉबच्या पृष्ठभागावर तो ०.०६ मिमी भरतो. ऐकायला किरकोळ वाटेल, पण मी पितळी रोलरवर देवनागरी अक्षरं कोरतो. ‘व’चं पोट किंवा ‘ळ’ची वेटोळी कोरताना अक्ष जिथे उलटा फिरतो, तिथे गोलाई चपटी व्हायची आणि रेषेची सुरुवात-शेवट जुळायचे नाहीत. सॉफ्टवेअरमधलं बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (या प्लेची भरपाई) इथे पुरत नाही. ते फक्त मोटर तेवढी जास्त फिरवतं. कटरने जॉब ओढला की तो त्या मोकळ्या जागेत सरकतोच, त्याला धरून ठेवणारं तिथे काहीच नसतं.

हार्मोनिकमध्ये ही मोकळी जागाच नाही. आत पातळ, लवचिक पोलादी वाटी असते, तिच्या बाहेरच्या अंगाला दाते. बाहेरच्या घट्ट कड्याला दोन दाते जास्त. मधला लंबवर्तुळाकार कॅम वाटीला ताणून दोन समोरासमोरच्या बाजूंनी कड्याच्या दात्यांत दाबून बसवतो. १०० आणि १०२ दात्यांच्या जोडीत कॅमच्या एका पूर्ण फेऱ्याला वाटी दोन दाते उलट सरकते, म्हणून ५०:१. (दिशा उलटते, तेव्हा मोटर कॉन्फिगरेशनमध्ये ती बदलून घ्यायची.) वॉल्टन मसर यांना १९५९ साली अमेरिकेत याचं पेटंट मिळालं आणि १९७१ मध्ये चंद्रावर फिरलेल्या रोव्हरच्या प्रत्येक चाकात ८०:१ चा हार्मोनिक गिअर होता. हा भाग हातात धरून पाहिल्यावर मला आजही अप्रूप वाटतं.

नव्या हेडवर तीच चाचणी केली तेव्हा काटा शून्यावर परत आला. पण सळईवर बोटाने जोर दिला की एक-दोन शतांश मिलिमीटर हलतो आणि सोडल्यावर परत येतो. हा प्ले नव्हे, हा पीळ आहे. विकणारे ‘झिरो बॅकलॅश’ मोठ्या अक्षरांत छापतात, पिळाबद्दल चकार शब्द नाही. म्हणून कटर मध्यरेषेच्या बरोबर वर ठेवतो. एंड मिल मध्यापासून बाजूला नेऊन खोल काप घेतला की जॉब पिळतो आणि खाचेच्या भिंतीवर लाटा दिसतात. शेवटचा काप हलका, दशांश मिलिमीटरच्या आत.

गिअरचे दाते पाडण्यासाठीच हेड हवा असेल, तर हा खर्च करू नका. कटरचा जोर तिथे अक्षाला फिरवायला फारसा येत नाही. शिवाय दरवेळी एकाच दिशेने येऊन अक्ष लॉक केला, की वर्मचा प्लेही आडवा येत नाही. मी १ मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप) १२७ दात्यांचं गिअर पाडलं, इंची लेथवर मिलिमीटरचे आटे काढण्यासाठी (एक इंच २५.४ मिमी, त्याच्या पाचपटीला १२७). मॉड्यूलच्या संचातला ७ नंबरचा कटर त्याला चालतो. १२७ ही मूळ संख्या, साध्या डिव्हायडिंग प्लेटवर (छिद्रं मोजून फेरा समान भागांत वाटणारी चकती) ती बसत नाही. सीएनसीवर एका छोट्या प्रोग्रॅममध्ये काम झालं, पण ते श्रेय हार्मोनिकचं नव्हे. गिअरचा बाहेरचा व्यास १२९, म्हणजे ६५ च्या सेंटर उंचीवर खाली जेमतेम अर्धा मिलिमीटर उरतो, म्हणून हेड आणि टेलस्टॉकखाली (जॉबचं दुसरं टोक धरणारा आधार) सारख्या जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घातल्या.

वेगाची मर्यादा आधीच समजून घ्या. मोटरच्या फेऱ्याला २०० स्टेप, प्रत्येकीचे १० मायक्रोस्टेप, ५०:१ धरलं तर अक्षाच्या एका फेऱ्याला १,००,००० स्टेप, म्हणजे अंशाला २७७.७८. पॅरलल पोर्टचा २५ किलोहर्ट्झ कर्नल (सेकंदाला २५,००० स्टेप पाठवणारा) यातून सेकंदाला ९० अंश देतो, मिनिटाला १५ फेरे. कोरीवकामाला भरपूर, पण चौथ्या अक्षावर लेथसारखं काम काढायचा विचार असेल तर तो सोडा.

फीडची, म्हणजे कटर जॉबवरून सरकण्याच्या वेगाची, भानगड वेगळी. मिनिटाला ६०० अंश हा आकडा ४० मिमी व्यासावर मिनिटाला सुमारे २०९ मिमी फीड देतो, १० मिमीवर जेमतेम ५२. निमुळत्या जॉबवर एकच एफ (प्रोग्रॅममधला फीडचा आकडा) ठेवला तर बारीक टोकाला कटर नुसता घासत बसतो. त्यासाठी जी९३ ही आज्ञा. यात एफ म्हणजे ती चाल मिनिटाच्या कितव्या हिश्श्यात संपवायची ते: एफ२ म्हणजे अर्धं मिनिट. पोस्ट प्रोसेसर (मशीनच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून देणारा) जी९३ देत नसेल तर आधी तो बदला.

हेडचा अक्ष टेबलाच्या एक्सला समांतर आणणं हे या सगळ्यातलं सगळ्यात चिकट काम. पारखलेली सरळ सळई धरून डायल गेज वरून आणि बाजूने, दोन्हीकडून फिरवायचा, पत्र्याच्या शिम घालत जायचं. मग टेलस्टॉक. तीन जबड्यांच्या चकवर विसंबून राहू नका, माझ्याकडच्यात ०.०८ मिमी रनआउट (फिरताना मध्यापासून डुलणं) होता. बारीक कामाला ईआर३२ कोलेट चक लावतो, मोठ्या जॉबला चार जबड्यांचं.

देखभाल फार नाही. कॅमवरच्या लवचिक बेअरिंगला ग्रीस नेहमी हवं, आणि पितळेचा बारीक कीस सीलपाशी जमू द्यायचा नाही. जपायचं ते कटर अडकण्यापासून: जोर मर्यादेपलीकडे गेला की दाते एकमेकांवरून उडी मारतात, वाटी एका बाजूला सरकून बसते, आणि तशीच चालवत राहिली तर तिला भेग जाते. पुन्हा घ्यायचा झाला तर एक माप मोठा गिअर घेईन, पीळ कमी म्हणून. चक मात्र ८० चंच, कारण एक्स२ च्या टेबलावर १०० चं बसवलं की टेलस्टॉकला जागाच उरत नाही.