इम्युनॉलॉजीचा ऑनलाइन कोर्स: अँटिबॉडीचा भाग जबरदस्त, क्विझ मात्र सुधारायला हवी

इम्युनॉलॉजीचा (म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा) एक ऑनलाइन कोर्स नुकताच केला, बरेचसे लेक्चर ठीकठाक, कुठल्याही चांगल्या पुस्तकात मिळेल तेवढंच, पण पेशीच्या आत अँटिबॉडी काय करते हा जो भाग आहे ना, त्याच्यासाठी तरी घ्याच.

आपण सगळे शिकलो ते असं की अँटिबॉडी रक्तात फिरते, व्हायरसला चिकटते, त्याला पेशीत घुसू देत नाही, आणि तो एकदा आत गेला की तिचं काम संपलं. २०१० मध्ये केंब्रिजच्या लॅबोरेटरी ऑफ मॉलिक्युलर बायोलॉजीतल्या लिओ जेम्स यांच्या टीमने दाखवलं की अ‍ॅडेनोव्हायरस अंगावर अँटिबॉडी घेऊनच आत शिरतो आणि तिथे तीच त्याला पकडून देते. पेशीत ट्रिम२१ नावाचं प्रोटीन असतं, ते व्हायरसला ओळखतच नाही, ते अँटिबॉडीचा एफसी भाग (तिचं शेपटाकडचं टोक) ओळखतं, आणि हा भाग व्हायरस कुठलाही असो जवळपास सारखाच राहतो. एरवी सायटोप्लाझममध्ये (पेशीच्या आतल्या द्रवात) अँटिबॉडी नसतेच, म्हणजे ती दिसली की कोणीतरी घुसलंय हे नक्की. मग ट्रिम२१ युबिक्विटिनची (म्हणजे 'हे नष्ट करा' अशी खूण असलेल्या छोट्या प्रोटीनची) साखळी जोडतं, व्हीसीपी नावाचं प्रोटीन व्हायरसचं कवच उकलतं (अख्खं कवच प्रोटिअसोमच्या अरुंद तोंडात मावणारच नाही) आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतं, शिवाय धोक्याचा सिग्नल जाऊन सायटोकाईन (इतर पेशींना सावध करणारी प्रोटीन) बनायला लागतात ते वेगळंच. किलर टी सेल ही प्रतिकार करणारी पेशी आख्खी बाधित पेशी मारते, इथे पेशी वाचते आणि व्हायरसच संपतो, हे अ‍ॅनिमेशनमध्ये इतकं छान दाखवलंय की मी परत परत बघितलं.

आता तक्रार. फ्लू, एचआयव्ही असे आवरणवाले व्हायरस (कवचाबाहेर चरबीचा पातळ पडदा असलेले) सायटोप्लाझममध्ये शिरताना आवरण मागेच सोडतात, त्याच्यावरची अँटिबॉडीही मागेच राहते, म्हणून हा मार्ग मुख्यतः अ‍ॅडेनो, रायनो अशा बिनआवरणवाल्यांवर चालतो. एवढी महत्त्वाची गोष्ट एका वाक्यात उरकलीय, नवीन माणसाला वाटेल सगळ्याच व्हायरसवर चालतं. आणि क्विझमध्ये तर 'अँटिबॉडी फक्त पेशीबाहेर काम करते' हेच बरोबर उत्तर धरलंय!! स्वतःच्याच लेक्चरच्या उलट, हे खरंच खटकलं, सपोर्टला कळवलंय.

२०१७ ची ट्रिम-अवे पद्धत, म्हणजे पेशीत अँटिबॉडी सोडून ट्रिम२१ कडून हवं ते प्रोटीन काढून टाकायचं, ती शेवटच्या स्लाईडवर फक्त नावापुरती आहे. तिच्यावर वेगळं लेक्चर हवंच होतं. पाचपैकी चार स्टार, क्विझ दुरुस्त केली तर पाच देईन.